ढेकणांनी तारलेलं गेस्ट हाउस

माझी मावशी उपकारसुद्धा दम देऊन करते. धक्क्यामागच्या चढावर तिचं चार खोल्यांचं गेस्ट हाउस आहे. उशिरा आलेल्या पाहुण्याला तिथे आधी बोलणी मिळतात, मग गरम सूप. पूर्वी लोक बोटीतून उतरले की पाटी बघून यायचे. आता मोबाइल बघून येतात, आणि मोबाइलमध्ये मावशी कुठेच नव्हती. मुलाने बजावलं होतं, "हा हंगाम रिकामा गेला तर कुलूप लाव आणि आमच्याकडे ये." सुनेच्या स्वयंपाकघरात गप्प बसायचं, या कल्पनेनेच मावशीची झोप उडाली होती.

वेबसाइट मी बनवलेली, म्हणून खापर माझ्यावर. मी समजावलं, "दुसऱ्यांच्या साइटवर तुझी लिंक हवी. चार जणांनी तुझ्याकडे बोट दाखवलं की तू सर्चमध्ये वर येतेस. पण ते प्रवासाशी संबंधित हवेत."

शेवटचं वाक्य कानाआड करायची तिची जुनी खोड. ती बाजारभर फिरली. दातांचा डॉक्टर, ड्रायव्हिंग स्कूलवाला, पडदे शिवणारी, सगळ्यांना तिने गळ घातली, म्हणजे धमकावलं. पेस्ट कंट्रोलवाल्याने तर हौसेने पलंगाचा फोटोच टाकला. खाली ओळ, 'ढेकणांचा बंदोबस्त आम्ही इथे करतो', आणि मावशीची लिंक.

थोड्याच दिवसांत मावशी पहिल्या पानावर झळकली. गावाच्या नावापुढे 'ढेकूण' लिहिलं की.

मी कपाळाला हात लावला. मावशीने त्याचं दुकान गाठलं. "माझ्याकडे ढेकूण कधी होते रे?"

"नव्हतेच ना ताई. दर हंगामाआधी तुम्ही फवारणी करून घेता, म्हणून तर नाहीत."

"ते काढ आधी."

"संध्याकाळी काढतो," तो हिरमुसून म्हणाला.

दुपारीच एक बाई हात खाजवत दारात उभी. "समोरच्या हॉटेलात रात्रभर ढेकूण चावले. इथे फवारणी कोण करून घेतं म्हणून शोधलं, तर तुमचंच नाव आलं."

"बॅग बाहेरच राहू दे. कपडे उकळत्या पाण्यात टाका, मग आत या," मावशी म्हणाली.

बाई प्रवासाच्या एका मोठ्या साइटवर लिहिणारी निघाली. तिने लिहिलं, 'मालकीणबाईंची जीभ तिखट, गाद्या मात्र स्वच्छ', आणि लिंक दिली. ते वाचून बोटवाल्यांनी आणि इतर प्रवासी साइट्सनीही दिली. आता ढेकणांचं नाव न घेताही मावशी पहिल्या पानावर येऊ लागली.

हंगामाच्या शेवटी मुलाचा फोन आला. "आई, तुझी खोली रंगवून ठेवलीये."

"मला कुठली सवड? तूच ये. खोली रिकामी नाही, व्हरांड्यात झोपावं लागेल."

फोन ठेवून तिने माझ्यापुढे सूपची वाटी ठेवली. आधी बोलणी न देता.