अक्काचा चिंचोका

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानात तिच्याच सायकलीचे ब्रेकरबर बदलून मागत होतो. आदल्या दिवशी आणलेले चुकीच्या मापाचे निघाले होते. "तुला धाडण्यापरीस सायकललाच एकटं पाठवलं असतं तर बरोबर घेऊन आली असती," असं ती म्हणाली होती. माझ्या थोरल्या बहिणीचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं… तक्रार नाही. आयुष्यभर ती माझ्याशी असंच बोलली, आणि तिच्या बाजूनं पुरावा भरपूर होता.

आमचं गाव पेठ वडगावच्या अलीकडं. अक्का आठवीत गेली तेव्हा हायस्कूल वडगावला, एसटी बेभरवशाची, म्हणून वडलांची जुनी उंच सायकल. आणि गणवेश निळा स्कर्ट. पहिल्याच आठवड्यात माळावरच्या वाऱ्यानं स्कर्ट उडाला, पारावरची टाळकी हसली आणि बातमी तिच्या आधी घरी पोचली. घरात शब्द चालायचा चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा. ते म्हणाले, "वडगावच्या बाजारादिवशी मी चहाच्या गाड्यापाशी हाय. माझ्यासमोर सायकलीनं येऊन उतरायचं. कापड जरा जरी उडालं तर साळा बंद." अक्का रडली नाही. तिनं स्कर्टाचा पुढचा आणि मागचा काठ गुडघ्यांच्या मध्ये एकत्र धरला, मागून चिंचोका दाबला आणि पुढं आलेल्या फुगवट्याला रबर करकचून गुंडाळलं. स्कर्टाची सैल विजार झाली. पाय मोकळे, काठ जाग्यावर. परसात फेऱ्या मारून ती मला म्हणाली, "तू निस्ता मागं बस. कशाला हात लावू नको."

मला मात्र एका चिंचोक्याला अख्खी शाळा टांगणं पटेना. निघताना ती कट्ट्याला पाय टेकून सीटवर बसली, आईशी बोलू लागली, तेवढ्यात मी स्कर्टाचा मागचा घेर सुतळीनं कॅरियरला बांधून टाकला. गाठ मला एकच येत होती, बैलाच्या दाव्याची. ओढ बसली की ती आणखी आवळते.

बाजारात मिरच्यांचे ढीग, शेळ्या, माणसंच माणसं. गाड्यापाशी तात्या हात मागं बांधून उभे. त्या सायकलीच्या सीटवरून उतरल्याशिवाय अक्काचे पाय जमिनीला पोचत नसत. ती ब्रेक दाबायला लागली तसा मी तिच्या पाठीशी पुटपुटलो, "अक्का, उतरू नको."

"का?"

"बांधलंय."

"काय बांधलंयस?"

"तुला."

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. उतरली असती तर स्कर्ट तात्यांच्या पुढ्यातच टराटरा फाटला असता. ब्रेक सुटला आणि सायकल तात्यांच्या नाकासमोरनं पुढं गेली. "थांब की गं," मागनं हाक आली. मी उडी मारली आणि कॅरियर धरून पळत गाठ उकलायला लागलो. "सुटली?" "न्हाय." समोर शेळ्या आडव्या, अक्का घंटी वाजवत कशीबशी वळली. "सुटली का न्हाय रे?" "न्हाय की." बाजाराला वळसा घालून आम्ही पुन्हा गाड्याकडं निघालो, तात्या रस्त्याच्या मधोमध आलेले. शेवटी मी सुतळी दातात धरली. ती तुटली. पुढचा अर्धा दातही तिच्याबरोबर गेला.

अक्का तात्यांच्या पुढ्यात अलगद उतरली. काठ तसूभर हलला नव्हता. तात्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडं. "थांब म्हटलं तर थांबली का न्हाईस? आणि हे बेनं का पळतंय मागनं?"

"तुमी म्हणाला हुता न्हवं, उडतंय का बघतो म्हणून," अक्का म्हणाली. छाती धपापत होती, आवाज मात्र शांत. "एकदा बघून कळतंय व्हय? म्हणून परत फिरले. ह्यो हौसेनं पळतोय."

तात्या गाडेवाल्याकडं वळून म्हणाले, "पोरांस्नी च्या दे." शाळा चालू राहिली. गरम चहा अर्ध्या दाताला कसा झोंबतो, हे मला त्या दिवशी कळलं.

लग्नानंतर अक्का कोल्हापुरात आली, तरी चिंचोके सुटले नाहीत. शाळा उघडली की गल्लीतल्या पोरी तिच्या व्हरांड्यात स्कर्टाचे काठ धरून उभ्या राहायच्या. मी तिथं असलो तर तुटका दात दाखवायचं काम माझ्याकडं.

परवा तिच्या घरी गेलो. सायकल व्हरांड्यात तशीच, मुठीला रबर गुंडाळलेलं, बास्केटमधल्या डबीत चिंचोके. मी ब्रेकरबर बसवले. मापाचे होते, पण सांगायचं कुणाला… तेवढ्यात अक्काची नात सई गणवेशात बाहेर आली. डबी उघडली, काठ जुळवले, रबर गुंडाळलं आणि सीटवर बसली. मी आधाराला कॅरियर धरायला गेलो.

"मामाआजोबा," मागं न बघताच ती म्हणाली, "कशाला हात लावू नका."

मी हात मागं घेतला. या वेळी ऐकलं.