एकाच शालीचे मानकरी

"मंडळात कुणी काही सांगितलं की 'वा!' म्हणायचं. 'खरंच?' असं कधी विचारायचं नाही." हा आईचा नियम. का, तेही विचारायचं नाही! कोलकात्यात आपली मराठी माणसं मूठभर. कौतुक करणारी तीच आणि करून घेणारीही तीच. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

*

महिन्यातून एकदा बालीगंजला सुलूमावशींच्या फ्लॅटवर मंडळाचं कथावाचन असतं. मावशी जन्मापासून इथल्याच. एकदा त्यांनी संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, समोर ठेवले. "पहाटे उठून घरी केलेत हो!"

प्रत्येक संदेशावर साच्यातलं दुकानाचं नाव ठसठशीत उमटलेलं!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं चिमटा काढला. "वा!" सगळे म्हणाले. अध्यक्ष कुलकर्णीकाकांनी तर नावाची बाजू आधी खाल्ली.

*

हे काका बँकेतून रिटायर झालेले. एकदा त्यांनी एक जुनी कथा वाचली. एक कारकून उसना कोट घालून लग्नाला जातो आणि लोकांनी साहेब म्हणावं म्हणून भर उन्हात तो काढतच नाही. सगळे खो खो हसले. "किती बाई मिरवायचा सोस!" मावशी म्हणाल्या.

मे महिना, लाइट गेलेले, आणि काका ब्लेझरमध्ये! घाम कथेच्या पानांवर टपकत होता.

"काका, ब्लेझर काढा ना," मी म्हटलं.

"अगं, फोटो व्हायचाय अजून!"

कथा कळली नाही ती काकांना की मला, हे मला आजही ठरवता येत नाही.

*

सत्काराची शाल मंडळाकडे एकच. खांद्यावर पडते, फोटो निघतो आणि घडी होऊन मावशींच्या कपाटात परत जाते. फोटो मात्र प्रत्येकाच्या हॉलमध्ये!

न्यू टाउनच्या जोशीकाकू नव्या होत्या. बिचाऱ्या शाल घरी घेऊन गेल्या. दुसऱ्याच रविवारी ज्येष्ठ मंडळी त्यांच्याकडे हजर. "सहज आलो होतो!" चहा झाला, पोहे झाले, उकाड्यावर बोलून झालं. मागायचं कुणी? शेवटी काका म्हणाले, "शाल काय शोभत होती हो तुम्हाला! जरा बघू पुन्हा."

काकूंनी कौतुकानं आणून दिली. काकांनी ती अंगावर घेतली, "वा!" म्हणाले आणि थेट लिफ्टमध्ये शिरले.

*

माझे बाबा गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात. मंडळातले सगळे फोटो तेच काढतात. त्यांचा स्वतःचा शालीतला फोटो एकही नाही. आता त्यांची नागपूरला बदली झालीय.

त्यातच मला न्यू टाउनमध्ये नोकरी लागली. ट्रेनी म्हणून. ही बातमी बाबांच्या तोंडून बालीगंजला पोचेपर्यंत मी अमेरिकन कंपनीत मॅनेजर झाले होते!

"बाबा, मी ट्रेनी आहे."

"होशीलच की पुढे! जाण्याआधी आपल्याही घरात एक फोटो येऊ दे ना."

मी भांडणार होते. पण ते इतके खुशीत होते की मला भांडताच येईना, आणि गप्पही बसवेना. आई म्हणाली, "दोन मिनिटांचं तर काम! उभी राहा, हस, जागेवर येऊन बस."

*

तर मागचा रविवार. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, फोन वर धरून तयार. मावशींनी कपाटातून शाल काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या हॉलभर! काका अर्थातच ब्लेझरमध्ये, माइकसमोर.

"आपल्या फोटोग्राफरांच्या पोटी जन्मलेलं रत्न! आपली मुक्ता, एवढ्या लहान वयात अमेरिकन कंपनीत मॅनेजर!"

"वा!" अख्खा हॉल म्हणाला. आईचा आवाज सगळ्यात मोठा.

काकांनी शाल उलगडली. ती खांद्याला टेकणार, तेवढ्यात मी एक पाऊल मागे सरले आणि माइक हातात घेतला.

"खरंच?"

काकांच्या हातात शाल तशीच पसरलेली होती. बाबांचा फोन अजून वरच होता.