गुरुवारचा पाय

खरवईतल्या गोदावरी हाइट्सच्या गेटाशी, वॉचमनच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची गोदूबाईंची जुनी सवय. ती सात मजली इमारत त्यांच्याच भाताच्या शेतावर उभी होती, नावही त्यांचंच होतं, आणि सर्वात वर त्या मुलाबरोबर, म्हणजे कमलेशबरोबर राहत होत्या. कमलेशला आता सगळे कमलेशशेठ म्हणायचे. पण फ्लॅटमध्ये बसलं की गोदूबाईंना डब्यात कोंडलेल्या भाकरीसारखं वाटायचं, म्हणून दिवसभर मुक्काम खाली. अंगावर चोपून नेसलेलं जुनं लुगडं, पायात काही नाही. या अवतारातली बाई इमारतीची मालकीण असेल, हे नव्याने राहायला आलेल्या कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं.

शाळेलाही नाही सुचलं. पलीकडच्या हायस्कुलात मुलांचा एक सेवा गट होता. तो चालवणाऱ्या यशोधरा मॅडम विठ्ठलवाडीहून यायच्या, त्यामुळे गावातलं कोण कुणाचं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आदल्या वर्षी गटाने झाडं लावली होती, ती शेळ्यांनी खाल्ली. म्हणून यंदा ज्येष्ठांची सेवा करायची ठरली, कारण ज्येष्ठांना शेळ्या खात नाहीत. फक्त ज्येष्ठ माणूस शाळेपासून चालत जाण्याइतका जवळ हवा होता. गोदूबाई समोरच बसलेल्या होत्या. हातातल्या सोन्याच्या पाटल्या नेमक्या त्या दिवशी पॉलिशला दिलेल्या.

ऑक्टोबरच्या उकाड्यात नववीतल्या श्रद्धाने त्यांच्या मांडीवर एक ब्लँकेट ठेवलं आणि विचारलं, आजी, जेवलात का? खरं तर तिथेच सगळं मिटवता आलं असतं. ही बिल्डिंग माझी आहे, एवढंच तर सांगायचं होतं. पण ती पोर विचारून उत्तर ऐकायला थांबली. कमलेशही रोज विचारायचा, पण फोन कानाला लावून, आणि गोदूबाई तोंड उघडेपर्यंत लिफ्टचं दार बंद झालेलं असायचं. तो काही वाईट नव्हता. कामाला बाई, मोठा टीव्ही, सगळं त्याने आईला दिलं होतं. गोदूबाईंनी ब्लँकेट अंगावर ओढून घेतलं आणि तोंड पुसलं. पुसला होता घामच, पण मुलांना ते डोळे पुसणं वाटलं, आणि गोदूबाईंनी तसं वाटू दिलं.

त्या दिवसापासून त्यांच्या अंगात नटी शिरली. गट दर गुरुवारी यायचा, त्या दुपारी पाटल्या आणि कानातलं तांदळाच्या डब्यात जायचं, आणि ठेवणीतलं फाटकं लुगडं बाहेर यायचं. वॉचमनने तोंड बंद ठेवावं म्हणून आलेली सगळी ब्लँकेटं त्याला मिळायची, इतकी की त्याने गावाकडे पाठवायला सुरुवात केली. म्हातारीचं काहीतरी दुखायला हवं म्हणून गोदूबाई लंगडायला लागल्या, मग प्रज्वल नावाचा मुलगा खाली बसून पाय दाबू लागला. लहानपणी गावच्या नाटकात आपल्याला झाडाचंसुद्धा काम कुणी दिलं नाही, आणि आता म्हातारपणी बघा, असं त्या स्वतःलाच सांगायच्या. आपल्याइतकी बनेल बाई अख्ख्या खरवईत सापडणार नाही, याबद्दल त्यांची खात्री पटत चालली होती.

एका गुरुवारी श्रद्धाने विचारलं, तुमचं कुणीच नाही का? सोंग चांगलंच रंगात आलं होतं. त्या भरात गोदूबाई बोलून गेल्या, “मना कोन नाय.”

बोलल्यावर त्यांना कसंतरीच झालं. वरच्या बाल्कनीत कमलेशचे शर्ट वाळत होते. पोटच्या पोराला जिवंतपणी पुसून टाकलं, आणि कशासाठी, तर कुणी पाय दाबावेत म्हणून. हसून सोडून द्यावं म्हटलं तर हसू येईना. कारण ते बोलताना त्यांना सोंग करावं लागलं नव्हतं.

डिसेंबरात यशोधरा मॅडम मोठ्या आनंदाने सांगायला आल्या. स्नेहसंमेलनात श्रद्धा गोदूआजींवर लिहिलेलं वाचून दाखवणार, आणि निराधार आजींना प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ब्लँकेट दिलं जाणार. प्रमुख पाहुणे कोण, तर शाळेला नवं स्टेज बांधून देणारे कमलेशशेठ. ते ऐकून गोदूबाई खुर्चीवरून उठल्या तेव्हा खरोखरच लंगडत होत्या.

आता काय करायचं? गेलं नाही तर श्रद्धा सगळ्या शाळेपुढे तोंडघशी पडणार. गेलं तर कमलेशची गावभर शोभा, आणि आपले गुरुवार कायमचे गेले. आधीच कमलेशला सांगावं म्हणून त्या लिफ्टपाशी उभ्या राहिल्या, तर तो आला फोन कानाला लावून, काय हवंय का म्हणून खुणेने विचारून वर गेला. बरं झालं, असं म्हणून गोदूबाईंनी स्वतःला भित्री म्हणून घेतलं आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या.

स्नेहसंमेलनाला त्या फाटक्या लुगड्यातच गेल्या. श्रद्धाने माइकवर वाचलं, आजी सांगतात की त्यांचं कुणी नाही. टाळ्या झाल्या. मग नाव पुकारलं, आणि गोदूबाई पडद्यामागून स्टेजवर आल्या. घाबरल्यामुळे लंगडायचं राहून गेलं. ते मध्येच लक्षात आल्यावर लंगडायला लागल्या. ब्लँकेट हातात धरून उभा असलेला कमलेश आधी सवयीने हसला, मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

“आई, तू?”

माइक चालूच होता. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मॅडम घाईघाईने पुढे येत होत्या. गोदूबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

“पोरांनो, मी तुमाला फसवलं. यो माजा पोर हाय. मी निराधार नाय. पाय बी धड हायेत माजे.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं गोदूबाईंना वाटलं. त्यांनी श्रद्धाकडे बघायचं टाळलं, पण श्रद्धाच जवळ आली.

“पायाचं आम्हाला माहीत होतं, आजी,” ती म्हणाली. “दर गुरुवारी तुमचा वेगळा पाय दुखायचा.”

आपल्या अभिनयाची एवढीच किंमत झालेली बघून गोदूबाई क्षणभर खट्टू झाल्या. “मंग येत कशाला व्हतात?”

“तुम्ही वाट बघायचात ना.”

श्रद्धा हे अगदी साधेपणाने म्हणाली. कमलेशने ब्लँकेटची घडी उगाच उलगडली, पुन्हा घातली, आणि शेवटी ते आईच्या खांद्यावर टाकून तो तिथेच उभा राहिला. त्याचं भाषण राहूनच गेलं.

पुढच्या गुरुवारी गोदूबाई पाटल्या घालूनच गेटाशी बसल्या. शाळा आता दुसरी, खरोखरची गरीब म्हातारी शोधणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. वॉचमनही ब्लँकेटांचा हंगाम संपल्यामुळे उदास होता. तरी त्यांचं लक्ष शाळेच्या रस्त्याकडेच होतं. घंटा झाली, आणि नेहमीची मुलं दप्तरं घेऊन रस्त्यावर दिसली. त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं आणि कमलेश घरातली खुर्ची ओढत बाहेर आला. फोन खिशात होता. खुर्ची मांडून तो आईशेजारी बसला.

प्रज्वल नेहमीप्रमाणे खाली बसला आणि त्याने गंभीरपणे विचारलं, आज कोणता पाय?

गोदूबाईंनी जरा विचार केला आणि दोन्ही पाय पुढे केले. एक प्रज्वलकडे, दुसरा कमलेशकडे.