बरं म्हणजे काय

नोराबाईंचा फोन शुक्रवारी सकाळी आला, तेव्हा मी कुकरमधून इडल्या काढत होते. “त्रास झाला नाही त्यांना. चहा मागितला, आणि तो येईपर्यंत गेले...” मला रडू आलंच, पण खरं सांगायचं तर त्याआधी हायसं वाटलं. त्यांचे यजमान मिस्टर डेक्लन वर्षभर आजारी होते. उपचारांसाठी दोघं आयर्लंडला परतले होते, आणि तिथून येणारा प्रत्येक फोन मी धसक्यानेच घेत होते. सुटकेचं दुसरंही एक कारण होतं, ते नोराबाईंनी नंतर दिलं.

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून हा माणूस दोन वर्षांसाठी म्हणून दोहात वकिली करायला आला. इथे सगळे दोन वर्षांसाठीच येतात. मीही नाशिकहून तशीच आले, आता माझी मुलगी कॉलेजात जाते आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. बिन महमूद भागातल्या त्यांच्या छोट्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. माझ्या डब्यातली शेवभाजी ते डोळे पुसत खायचे, पण सोडायचे नाहीत. वकील असताना तोंड क्षणभर मिटायचं नाही. पुढे इंग्रजीत कामकाज चालणाऱ्या एका कोर्टात ते न्यायाधीश झाले आणि मला म्हणाले, “आता मला कुणी यल्ला, चल आटप, म्हणू शकणार नाही.” झालंही तसंच. बोलका माणूस एकदम ऐकता झाला. मीही मागोमाग त्याच कोर्टात दुभाषी म्हणून जाऊ लागले.

वर्ल्डकपची स्टेडियम उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. बालाजी नावाचा लातूरकडचा वेल्डर समोर उभा होता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, त्याला घरी जायचं होतं, आणि तेव्हा कंपनीच्या परवानगीवाचून देश सोडता येत नसे. कंपनी म्हणत होती, छताचं काम होईपर्यंत थांबायला हा कबूल झाला होता. मिस्टर डेक्लननी विचारलं, थांबायला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? बालाजी खाली बघत म्हणाला, “काय म्हन्नार? बरं म्हन्लो.” मी इंग्रजीत सांगून टाकलं, “मी कबूल झालो.”

मिस्टर डेक्लननी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. “त्याने नेमका कोणता शब्द वापरला?”

“बरं.”

“त्याचा अर्थ होच होतो का?”

माझा नवरा मेसईदला खताच्या कारखान्यात आहे. तो दिवसातून वीसदा बरं म्हणतो आणि त्यातली दोन कामंही करत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? मी म्हटलं, “सर, बरं म्हणजे हो असू शकतं. नुसतं ऐकलं, असंही असू शकतं.” मग त्यांनी माझ्याकरवी बालाजीलाच विचारलं, बरं म्हणजे काय? तो म्हणाला, “सायबानं सांगितलं, म्या ऐकलं. कबूल कशाला होईन? माय वाट बघायलीय.”

आठवड्याभरात बालाजी विमानात बसला. आई भेटली त्याला.

नंतर केबिनमध्ये मिस्टर डेक्लननी एका कार्डावर माझ्याकडून तो शब्द लिहून घेतला आणि खाली स्वतः गिरवला. अनुस्वार चिंचोक्याएवढा. “माझ्या आईच्या आयरिश भाषेत हो आणि नाही हे शब्दच नाहीत,” ते म्हणाले. “येतोस का विचारलं, तर येतो किंवा येत नाही म्हणायचं. म्हणून नुसतं हो ऐकलं की मला संशय येतो.”

सगळे त्यांच्या कानाचं कौतुक करत राहिले, आणि मी खरं कारण लपवलं. बरं या शब्दाने मला चकवलं नव्हतं. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती आणि मी उरकत होते. एका माणसाची आई माझ्या घाईपायी त्याला दिसली नसती. हे मला वर्षानुवर्षं खात होतं. या उन्हाळ्यात शेवटी त्यांना सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, मराठीत, एकच शब्द: बरं.

मी हसले, मग अडकले. माफ केलं, की नुसतं वाचलं? पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

त्या शुक्रवारी मी नोराबाईंना ते विचारलं. त्या चक्क हसल्या. “अगं, त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तू तीनदा घड्याळाकडे पाहिलंस, म्हणून तर ते थांबले.” मग मराठी माणसाच्या प्रत्येक सुनावणीला त्यांनी मलाच का बोलावलं? “म्हणायचे, तिचा चेहरा पाहिला मी. ही पुन्हा घाई करणार नाही.” फोन ठेवून मी ओट्यापाशीच खाली बसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता वर्ल्डकपसाठी रस्तोरस्ती देशोदेशीचे झेंडे लागलेत. “तुमचा संघ नाही, आमचाही नाही. आपण दोघं निवांत,” असं ते म्हणायचे... त्यांच्या चष्म्याच्या डबीत सापडलेलं ते कार्ड नोराबाईंनी मला पाठवलं. दोन बरं, एक माझं, एक त्यांचं, आणि खाली बारीक इंग्रजीत: पुन्हा विचारणे.

काल कोर्टात साताऱ्याचा एक ड्रायव्हर जबाब देता देता म्हणाला, “मग मी बरं म्हटलं.” मी खुर्ची घड्याळाकडे पाठ येईल अशी फिरवली आणि न्यायाधीशांची परवानगी घेऊन त्याला विचारलं, “दादा, बरं म्हणजे काय?”