सलीमने पसंत केलेलं मशीन

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. कापड विणणाऱ्या लूमच्या शेडमध्ये सुताची धूळ अंगावर बसते तसे ते बसत जातात. घरी येऊन शर्ट झटकला की कळतं, अरे, केवढे आहेत!

आमचे तिघांचे आहेत. मी, बाळाराम आणि सलीम. मी गोडाऊनमध्ये सुपरवायझर होतो, आता रिटायर झालोय. बाळाराम अंजूर गावचा, एकेकाळचा शेतकरी. सलीम नारपोलीतला लूम मेकॅनिक. शुक्रवारी लूमला सुट्टी, आमच्या गोडाऊनलाही. त्याच्या रिकाम्या लूमच्या शेडमध्ये सलीमने मला वेल्डिंग शिकवलं. पोटासाठी नाही, शौक म्हणून. कुंड्यांचे स्टँड, स्टुलं, बाळारामच्या मुलीचा पाळणा. मग शुगरने सलीमचे डोळे गेले. माझंही वेल्डिंग सुटलं ते सुटलंच.

*

रिटायर झाल्यावर बायकोला म्हटलं, "वेल्डिंग परत सुरू करतो. स्वतःचं मशीन घेतो."

"या वयात लोक गणेशपुरीच्या गरम पाण्यात पाय सोडून बसतात," ती म्हणाली. "तुम्ही बसा ठिणग्यांत!"

मग स्वयंपाकघरातून तिनेच विचारलं, "सलीमभाईंना काय सांगणार?"

सलीमला मी काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार? शेवटी बाळारामच्या तोंडून ते फुटलं आणि सलीमचा फोन आला.

"मशीन घेतोयस, आणि मला विचारलं पण नाहीस? अंधा हुआ हूँ, मरा नहीं हूँ!"

*

दुकानात जायच्या दिवशी त्याला घ्यायला आम्ही दोघं नारपोलीत गेलो. त्याच्या जुन्या शेडमधले लूम भंगारात निघाले होते. गॅस कटरने तुकडे करून टेम्पोत टाकत होते. सलीम रस्त्याच्या अलीकडे उभा राहून ऐकत होता.

"चल," मी म्हटलं.

"थांब जरा." लोखंड आदळल्याचा आवाज आला. "खिडकीजवळचा गेला का रे?"

खिडकीजवळ काहीच उरलं नव्हतं. "गेला," मी म्हटलं.

"साला! सगळ्यात जास्त त्रास त्यानेच दिला मला," सलीम म्हणाला आणि माझा दंड घट्ट धरून चालायला लागला.

*

दुकानदार पोरसवदा होता. "अंकल, चारसौ अँपियर लो. कुछ भी जोड़ो!"

"जहाज बनाना है क्या?" सलीम म्हणाला. "घरात चालवायचंय. थ्री फेज नाही त्याच्याकडे."

मग सगळं त्यानेच विचारलं. घरच्या लाईटवर चालेल का, केबल किती लांब, बिघडलं तर दुरुस्ती कुठे. शेवटी दोनशे अँपियरचं छोटं इन्व्हर्टर मशीन ठरलं. आमच्या जुन्या मशीनला उचलायला दोन माणसं लागायची, हे एका हातात मावत होतं.

मागच्या बाजूला चालवून बघितलं. मी रॉड टेकवला आणि मशीन गप्प!

"चिकटला!" सलीम बसल्या जागेवरून ओरडला.

दुकानदार घाबरला. "चाचा, मशीन में फॉल्ट नहीं है।"

"मशीन ठीक है। हात विसरलाय त्याचा."

दुकानदाराच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं. त्याने दोन मशीनं सलीमसमोर आणून ठेवली. "चाचा, कलर कौनसा? लाल या नीला?"

बाळाराम छताकडे बघायला लागला.

सलीम दोन्हींवरून हात फिरवत म्हणाला, "ये वाला. ज्यादा अच्छा दिखता है।"

*

रिक्षातून परत येताना बाळाराम म्हणाला, "मधू, पयला फाटक मला करून दे. शेताला."

"शेत कुठाय तुझं?" मी विचारलं. त्याच्या शेतावर गोडाऊन उभं राहून किती वर्षं झाली!

"शेत न्हाय, ठाव हाय मला," तो म्हणाला. "फाटक तरी असू दे ना."



*

पहिल्या शुक्रवारी माझ्या अंगणात बसलो. दोन पट्ट्या जोडायच्या होत्या. मी तोंडावर वेल्डिंगची काळी काच लावली. झगझगाट डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाळारामला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"सलीम, तूपण वळ."

"कशाला? माझं आता काय जाणार?"

"कातडी भाजेल."

"भाजू दे." त्याने खुर्ची पुढे ओढली. मी जुनी, हातात धरायची काच त्याला दिली, ती त्याने मांडीवर ठेवली.

मी रॉड टेकवला. या वेळी चिकटला नाही. हात हळूहळू आठवत गेला आणि मी पार टोकापर्यंत गेलो. काच वर केली तर सलीम तसाच बसलेला, तोंड माझ्याकडे, ओठ थोडे उघडे.

"मधू, बंद का केलंस?"

"रॉड संपला."

"झालं काय रं?" बाळारामने भिंतीकडूनच विचारलं.

सलीमने खाली वाकून, चाचपडत पाकिटातून नवा रॉड काढला आणि माझ्या दिशेने धरला.

"दिसलं रे," तो म्हणाला. "लाव दुसरा."