कटरनं फाडलेला सोफा

माझा नवरा दारू पीत नव्हता. हे आधीच सांगते, कारण मी मार खायची असं कळलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. तो नेरला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता. इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, वेळेवर घरी यायचा, शेजाऱ्यांशी हळू आवाजात बोलायचा. मालाची खोकी फोडायचं कटर त्याच्या खिशात कायम असायचं.

लग्नात माझ्या वडिलांनी तपकिरी रेक्झीनचा सोफा दिला होता. लग्नाला तीन महिने झाले असतील, एका दुपारी मी त्याचा फोन उचलला नाही. मी मागच्या अंगणात कपडे धूत होते आणि फोन घरात होता. तो जेवायला आला, चप्पल काढली, पाणी प्याला आणि कटर काढून सोफ्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. मग पुन्हा एकदा. आतला पिवळा फोम बाहेर आला.

"हे तुह्या आंगावर बी होऊ शकते," एवढंच म्हणाला आणि पाटावर बसला. मी वाढायला लागले. वाटीतलं वरण ताटाबाहेर सांडलं. त्यानं तीच वाटी माझ्या तोंडावर मारली आणि भुवई फुटली.

घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि सासू. सासूनं माझ्या भुवईत हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून एक जुनी डबलबेडची चादर काढली. मला वाटलं, ही आता चार शब्द बोलेल. ती म्हणाली, "आज बाया येतीन बसाले. सोफा असा दिसला नाही पायजे."

तिनं मला त्या दिवशी सोफ्याचं कव्हर शिवायला शिकवलं. कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. मग उलटं करून सोफ्यावर पसरायचं, हाताच्या कडेला, पाठीला पिना लावायच्या आणि पिनांच्या रेषेवर खडूनं खूण करायची. बैठक आणि पाठ जुळतात तिथं वीतभर कापड जास्त सोडायचं, ते फटीत खोचलं की कव्हर सरकत नाही. खालून नाडी ओवायची. ती तरुणपणी लोकांचे ब्लाऊज शिवायची, तिचा हात फार साफ होता. मी पिना लावत होते आणि मनातून तिचा गळा दाबत होते.

चार वर्षांत त्या घरात मी किती कव्हरं शिवली. सोफ्याच्या हातावर त्यानं वार केले, त्याला वेगळी खोळ. खुर्ची माझ्या पाठीवर मोडली, सुतारानं जोडून दिली, तिलाही खोळ. त्या खुर्चीनं माझ्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात सासूनंच सांगितलं की सून मोरीत घसरली. मी मान हलवली.

बसायला येणाऱ्या बायांना आमची कव्हरं आवडायला लागली. कोणी जुनी साडी आणून द्यायची, कोणी पडदे. बाजारातले कटपीस जोडून मी अशी कव्हरं करायची की जोड दिसायचा नाही. नवा सोफा घेणं कोणाला परवडत नव्हतं, पण दिवाळीआधी बैठक नवी दिसावी असं सगळ्यांनाच वाटायचं. बसस्टँडजवळ सोफे दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते. ते उरलेलं कापड माझ्यासाठी बाजूला ठेवायचे आणि गिऱ्हाइकं पाठवायचे. नवऱ्यानं सुरुवातीला काही म्हटलं नाही. दिवसभर मशीनचा आवाज येतोय म्हणजे बायको घरात आहे, एवढं त्याला पुरत होतं.

मग एका दुपारी चाचा स्वतः कापडाचा गठ्ठा घेऊन आले. सासूनं त्यांना चहा दिला. ते कपातला शेवटचा घोट घेत होते आणि नवरा दारात उभा राहिला. त्यानं चाचांना नीट नमस्कार केला, तब्येत विचारली, गेटपर्यंत सोडलं. परत आला तेव्हा मी मशीनवर बसले होते. त्यानं विचारलं की म्हाताऱ्याशी काय बोलत होतीस. मी म्हटलं, कापडाचं. त्यानं पुन्हा तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. मग तो माझ्या मागे आला, माझा उजवा हात धरला, अंगठ्याशेजारचं बोट सुईखाली ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मशीनचं चाक फिरवलं. सावकाश फिरवलं. सुई नखातून आत गेली आणि हाडाला लागून आतच मोडली.

मी ओरडले असणार, कारण सासू स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या हातात काही नव्हतं. तिनं भिंतीला टेकवलेला कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि आपल्या मुलाच्या पाठीवर मारायला लागली. गज मोडला तरी अर्धा तुकडा घेऊन मारतच होती. तो आधी नुसता बघत राहिला. मग त्यानं तिला कानाखाली मारली, ती चौकटीवर आपटली आणि तिचे पुढचे दोन दात पडले.

शिवण दाबायला आमच्याकडे जुनी कोळशाची इस्त्री होती, थंड पण लोखंडाची. मी ती डाव्या हातानं उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला. तो खाली बसल्यावर मी आणखी एकदा घातली. पहिला घाव घाबरून होता. दुसरा मी बघून, नेम धरून घातला. गुडघ्यातून जो आवाज आला तो ऐकून मला बरं वाटलं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, इथं लिहिते आहे.

दोन आठवड्यांनी आमच्या घरी बैठक बसली. नवऱ्याचे काका, माझा भाऊ आणि मोहल्ल्यातली दोन मोठी माणसं. नवरा पायाला प्लास्टर घालून खुर्चीत बसला होता. काकांचं म्हणणं असं की घराघरात भांडणं होतात, पण बाईनं नवऱ्याला अधू करणं बरोबर नाही. सुनेनं पाया पडून माफी मागावी आणि विषय संपवावा. माझा भाऊ खाली बघत होता. तोही मला हळूच म्हणाला की पड पाया.

सासू उठून काकांसमोर गेली. "उठा भाऊजी," ती म्हणाली. दात गेल्यामुळे शब्द स्पष्ट येत नव्हते. काका उठले तशी तिनं सोफ्याची नाडी सोडली आणि कव्हर ओढून काढलं. मग हातांच्या खोळी काढल्या, मग जोडलेल्या खुर्चीची. फाटलेलं रेक्झीन, लोंबणारा फोम, सगळं दिवसाउजेडी उघडं पडलं.

"हे माह्या लेकानं केलं," ती म्हणाली. "अन् म्या त्यावर कापड घातलं. आता ठाण्यात जाऊन मी दोन्ही सांगीन. तुमाले यायचं तर या."

कोणी आलं नाही. आम्ही दोघीच चालत गेलो. तिनं जबाब दिला, त्यात दवाखान्यात मोरीत घसरल्याचं आपण खोटं बोललो होतो हेही सांगितलं. केस अजून चालू आहे. माझ्यावरही त्यानं केली आहे, इस्त्रीची. तो आता अमरावतीला असतो, लंगडतो असं ऐकते.

सासू माझ्याजवळच राहते. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत आणि कव्हरांवर चालतं. मी तिला माफ केलं का, असं माझी आई विचारते. मला ठरवता आलेलं नाही. तिनं माफी मागितलेली नाही. कधी कधी मुलाचा फोन येतो, तेव्हा ती बाहेर जाऊन बोलते आणि डोळे पुसून आत येते.

गेल्या महिन्यात विहारातल्या खुर्च्यांचं काम आलं. पांढरं कापड, सगळं एका मापाचं. सासूला हल्ली कमी दिसतं. तिनं पाठीचे सगळे तुकडे चार बोटं आखूड कापून ठेवले. मी ते बघितलं आणि माझा हात वर गेला. कात्री हातातच होती. ती ओरडली नाही, तिनं फक्त दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान खांद्यात ओढली. मी स्वतः चार वर्षं तशीच बसायची.

कात्री खाली ठेवून मी बाहेर गेले आणि अंगणातल्या टाकीजवळ बराच वेळ उभी राहिले. मला माझीच भीती वाटली, त्याचीही कधी एवढी वाटली नव्हती. आत आले तेव्हा ती आखूड तुकड्यांना खाली पट्टी जोडता येईल का ते बोटांनी चाचपून बघत होती.

मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, पुन्हा माहा हात वर गेला, तर तुमी घरातून निघून जा. चाचाच्या घरी जा, ठाण्यात जा. मले समजावत बसू नका."

तिनं हातातले तुकडे मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "जाईन." आणि मला सुईत दोरा ओवून द्यायला सांगितलं.