लाल गेंड्याची कव्हरं

“कव्हरं कुठायत? कुसुम, कव्हरं कुठायत?”

देवधरदादा असे ओरडत होते की शिवाजी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरचा गिलावा खाली आला आणि मोठ्या तलावावरची बदकं विदिशेला राहायला गेली. मी वरच्या मजल्यावरून एका उडीत त्यांच्या दारात. दादांच्या एका हातात लाल रेक्झिनमध्ये बाइंड केलेला, सोनेरी अक्षरांचा जाडजूड ग्रंथ. दुसऱ्या हातात जबलपूरहून नुकतंच आणलेलं, प्लास्टिकच्या पिशवीतलं एक जुनं कॉमिक.

दादा वारले त्याला आता वर्ष होईल. हा माणूस सरकारी खात्यात नकाशे काढायचा, पण जगायचा रागावर. कॉमिकची सुरळी करणारा, थुंकी लावून पान उलटणारा, कव्हरवर बॉलपेनने नाव घालणारा, या सगळ्यांसाठी दादांच्या नरकात वेगवेगळ्या कढया तापत असत. एकदा साहेबांनी त्यांच्या कॉमिकवर चहाचा कप ठेवला. दादांनी तो उचलून साहेबांच्या सहीच्या फाइलवर ठेवला. “दोन्ही कागदच आहेत,” म्हणाले. बदली थेट शहडोलला झाली. सामानात पहिली बांधली ती कॉमिकांची पेटी.

लाल गेंडा हे त्यांचं दैवत. कपाळावर शिंग, अंगात दहा हत्ती. पहिला अंक वडिलांनी हबीबगंजच्या फलाटावर घेऊन दिला होता. बारा अंक निघाले आणि छापणारा बुडाला. दादांकडे अकराच. अकराव्याच्या शेवटच्या चौकटीत गेंडा उकळत्या तेलावर लोंबकळत होता, आणि त्याच्या शेपटीला धरून दादांचा अख्खा जन्म. त्या पेटीला हात लावायची मुभा कुणालाच नव्हती, बायकोला, म्हणजे आमच्या कुसुमकाकूंना, तर नाहीच. “हळदीचे हात तुझे,” असं म्हणून दादा झाकण लावायचे. “पान उघडायचं नसतं, पानाची परवानगी काढायची असते.”

बारावा अंक मिळतोय कळल्यावर दादा जबलपूरला पळाले आणि इकडे काकूंनी पेटी उघडली. त्यांच्या ग्वाल्हेरच्या माहेरी जपायची वस्तू म्हणजे बाइंडिंगची वस्तू. दिवाळी अंकांचे दरवर्षी असेच ग्रंथ व्हायचे. दादांच्या साठीची भेट म्हणून त्यांनी अकराही अंक टी. टी. नगरातल्या बाइंडरकडे दिले. त्याने रीतीप्रमाणे कव्हरं काढली, कडा मशीनवर सपाट कापल्या आणि सुबक शिवून दिलं.

दादा मला खेचत त्या बाइंडरकडे घेऊन गेले. तो अभिमानाने म्हणाला, “साहब, कवर तो सड़ गए थे. गत्ते के अंदर चिपका दिए, मजबूती आ गई.” पुठ्ठ्याच्या आत चिकटवून टाकलेल्या त्या कव्हरांपायी दादांनी त्याच्या मशीनला, सुईला, खळीच्या डब्याला अशा शिव्या दिल्या की खळ पातळ झाली. मीही भडकलो होतो, पण माझा राग म्हणजे त्या वणव्यात काडेपेटी.

घरी येऊन ते काकूंसमोर उभे राहिले. आवाज पार बसला होता. “जन्मभर जपलं मी. वाळवीनेसुद्धा सोडलं होतं. तू कडा कापल्यास.”

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, लाल ग्रंथ जवळ ओढला आणि दादांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

“अकरावा काल वाचून संपला,” त्या म्हणाल्या. “बारावा द्या.”